नोंद एकदाच होऊ द्या : अकृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि
मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठे

विषय : विद्यार्थ्याची नोंद, परीक्षा आणि क्रेडिट यांचे संगणकीकरण महाविद्यालयाच्या खिडकीवर नेमके कुठे अडते, याबाबत.

महोदय / महोदया,

काही विद्यापीठांचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, सोळा अंकी आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक नेमके सांभाळते. सोळाव्या जागी ते शून्य ठेवते. २०२३०१६४००१२३४५७ हा क्रमांक साध्या रकान्यात टाकला की आत २०२३०१६४००१२३४५० असा साठतो. प्रवेश ओळीने होतात, म्हणून शेवट ४५१ पासून ४५९ पर्यंत असलेल्या नऊ विद्यार्थ्यांचा पीआरएन एका झटक्यात एकच होऊन बसतो. बारा अंकी अपार (विद्यार्थ्याचा देशभर एकच ओळख क्रमांक) किंवा एबीसी (विद्यार्थ्याची क्रेडिट म्हणजे श्रेयांक जमा होणारी राष्ट्रीय पेढी) क्रमांकाचे दुखणे वेगळे. तो रकान्यात १.२३ई+११ अशा तऱ्हेने आखडून दिसतो, आणि तीच फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराचा साधा तक्ता) म्हणून जतन केली की आखडलेले रूपच फाइलमध्ये लिहिले जाते. मूळ बारा अंक मग त्या फाइलमधून कोणालाही परत काढता येत नाहीत. ही फाइल विद्यापीठाकडे जाते, तिथून नॅड-डिजिलॉकर या शैक्षणिक कागदपत्रांच्या राष्ट्रीय भांडारात जाते, आणि सहा महिन्यांनी विद्यार्थी खिडकीवर येऊन विचारतो, "माझे क्रेडिट का दिसत नाहीत?"

संलग्न महाविद्यालयांत प्रवेशाची खिडकी, परीक्षा विभाग आणि संगणक कक्ष सांभाळणारे आम्ही प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी आहोत. डिजिटल व्यवस्थेला आमचा विरोध नाही. ती लवकर आणि नीट यावी ही आमची सगळ्यांत मोठी इच्छा आहे, कारण ती अर्धवट आल्याचा भार आम्ही आणि विद्यार्थीच उचलतो. बैठकांत अडथळे म्हणून इंटरनेटचा वेग, संगणकांची संख्या, प्राध्यापकांची अनास्था यांची चर्चा होते. आमच्या मते खरी अडचण त्याआधीची आहे. विद्यार्थ्याची मूळ नोंद कोणाची, ती कधी पक्की होते आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला, हे कुठेच ठरलेले नाही. म्हणून एकच माहिती प्रवेश अर्जात, पात्रता अर्जात, परीक्षा अर्जात, शिष्यवृत्तीत, एआयएसएचईच्या (उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाच्या) तक्त्यात आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा टंकली जाते, आणि दर वेळी थोडी बिघडते.

आकड्यांचा उपाय सोपा आहे आणि विद्यापीठाच्या हातात आहे. कोऱ्या फाइलऐवजी क्रमांकांचे रकाने आधीच 'टेक्स्ट' म्हणून बांधलेला नमुना महाविद्यालयांना पाठवावा. सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडली तरी क्रमांक पुन्हा बिघडतात. ती एक्सेलच्या डेटा विभागातून आयात करावी लागते, आणि आयात करतानाच तो रकाना टेक्स्ट निवडावा लागतो. ही ओळ नमुन्याच्या पहिल्या पानावर मराठीत छापलेली असावी. नवा पीआरएन पुढे कधी आखाल तेव्हा सुरुवातीला एक अक्षर घाला, म्हणजे कोणतेही सॉफ्टवेअर त्याला संख्या समजणार नाही. शेवटचा अंक पडताळणीचा ठेवा, म्हणजे आधीच्या अंकांवरून गणिताने निघणारा. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक असाच असतो, म्हणून टंकताना एक अंक चुकला की तिथेच कळते. आपल्या बैठक क्रमांकाला आणि पीआरएनला ही सोय असती तर गुण भरताना होणाऱ्या कितीतरी चुका जागीच पकडल्या गेल्या असत्या.

नावाचे प्रकरण याहून अवघड आहे. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर बहुतेकांचे स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते. माणसाला ही दोन्ही नावे एकच वाटतात. यंत्राला ती वेगळी वाटतात. त्यात वडिलांचे नाव एकीकडे पांडुरंग, दुसरीकडे पांडुरंगराव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाघमारेचा व कुठे डब्ल्यूने तर कुठे व्हीने, ज्योतीच्या शेवटी कुठे एच आहे तर कुठे नाही. लग्नानंतर नाव बदललेली विद्यार्थिनी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला नवे आधार घेऊन येते आणि तिची पहिल्या वर्षाची क्रेडिट जुन्या नावावर अडकतात. ज्यांना आडनावच नाही अशा विद्यार्थ्यांच्या अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा असतो. मग कोणी टिंब देतो, कोणी नाव दोनदा लिहितो, कोणी 'एनए' टाकतो, आणि तेच पुढे पदवीवर छापून येते.

यावर सरसकट मिळणारी सूचना म्हणजे "विद्यार्थ्याला आधार दुरुस्त करून आणायला सांगा." ही सूचना देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. निव्वळ शब्दांचा क्रम जुळत नाही म्हणून अठराव्या वर्षी त्यातली एक संधी खर्च करायला लावली, तर पुढे लग्नानंतर किंवा खऱ्या चुकीच्या वेळी त्या मुलीच्या हाती काय उरते?

आमची मागणी अशी की विद्यार्थ्याच्या नोंदीत 'दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव' आणि 'आधारप्रमाणे नाव' हे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि दोन्ही जसेच्या तसे भरावेत. मग जुळवणी संगणकाने करावी. आधी श्री, कुमारी अशी संबोधने आणि नावाला जोडलेले राव, बाई, भाई काढावेत. मग नावाचे शब्द सुटे करून वर्णानुक्रमे लावावेत आणि दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. सगळे शब्द जुळले तर प्रश्न मिटला. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असेल तर लिपिकाने कागद पाहून मान्य करावा, आणि मान्य करणाऱ्याचे नाव व तारीख नोंदीत राहावी. त्याहून मोठा फरक असेल तेवढ्याच विद्यार्थ्यांना बोलवावे. हे काम पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यात झाले पाहिजे. निकाल लागल्यावर तेच करायचे म्हणजे वरातीमागून घोडे.

नाव बदलले तर जुने पुसून नवे लिहू नये. राजपत्राचा किंवा विवाह प्रमाणपत्राचा आधार, बदलाची तारीख आणि जुने नाव हे तिन्ही सोबत राहिले पाहिजे, कारण जुनी गुणपत्रिका जुन्याच नावाची असणार आहे. शिवाय १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने लिहिण्याचा निर्णय राज्याने घेतला आहे. ती मुले महाविद्यालयात यायला बराच अवकाश आहे, पण आज घेतलेली प्रणाली तोवर चालवायची असेल तर नावासाठी तीन चौकटी पुरणार नाहीत.

मराठीतल्या नावांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण संगणक प्रणालीच्या सादरीकरणात हा विषय आम्ही कधी ऐकला नाही. पदवी प्रमाणपत्रावर नाव देवनागरीत छापायचे असते. जुन्या विदेचा, म्हणजे डेटाचा, मोठा भाग युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली येण्याआधीच्या) टंकलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते, कारण फाइलमध्ये खरोखरच तेवढेच साठलेले असते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती मराठीच्या काही जागांवर हमखास घसरतात. कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे ही आडनावे घ्या. रूपांतरानंतर त्यांचे कर्हाडे, गोर्हे, कुर्हाडे होते. अर्धा ऱ हा रफार नव्हे हे मराठी शिकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या साधनाला सांगावे लागते.

याहून लपलेली अडचण अशी की हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ वापरून त्याला हलंत जोडतात, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. शोध घेताना मात्र एका पद्धतीने टंकलेले गोऱ्हे दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडत नाही, आणि लिपिक सांगतो, "तुमची नोंदच नाही." नोंद असते. विद्यापीठाने एकच पद्धत ठरवावी, जुनी नावे त्या पद्धतीत एकदा बदलून घ्यावीत, आणि रूपांतरित नावांपैकी अर्धा ऱ असलेली सगळी नावे वेगळी काढून माणसाकडून तपासून घ्यावीत. सगळ्या नावांच्या मानाने ती थोडीच असतात, एका कर्मचाऱ्याला झेपण्यासारखे काम आहे. नवीन नावे विद्यार्थ्यानेच देवनागरीत भरावीत, आणि छापण्यापूर्वी ती त्याच्या मोबाइलवर दाखवून होकार घ्यावा.

आता परीक्षा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे. ही मुदत गाठण्यासाठी पडद्यावरचे मूल्यांकन, म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासणे, आणले जाते. हेतू योग्य आहे. पण २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठात काय झाले ते सर्वांसमोर आहे. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, ऐन परीक्षेच्या हंगामात घेतलेला निर्णय, सर्व विद्याशाखा एकदम. कुलपतींना ३१ जुलैची मुदत घालून द्यावी लागली, तीही टळली. परदेशी आणि परराज्यात प्रवेश मिळालेली मुले निकालावाचून ताटकळली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्याचे खापर तंत्रज्ञानावर फोडणे चुकीचे ठरेल. आधी साधा हिशेब मांडला गेला असता तर निर्णयाची वेळ आणि आवाका नक्कीच बदलला असता.

तो हिशेब असा. एक लाख उत्तरपत्रिका आणि प्रत्येकी ३२ पाने धरली तर ३२ लाख प्रतिमा होतात. मिनिटाला ६० कागद दोन्ही बाजूंनी ओढणारा स्कॅनर १२० प्रतिमा देतो, म्हणजे न थांबता ४४४ तास. पण शिवण कापणे, पुरवण्यांचा दोरा सोडवणे, अडकलेला कागद काढणे, पाने पुन्हा मोजणे यांत प्रत्यक्ष वेग निम्म्यावर येतो. सुमारे ८९० तास धरा. दहा यंत्रे रोज आठ तास चालवली तर अकरा दिवस. पुढे रोज ३० उत्तरपत्रिका तपासणारे २०० प्राध्यापक रोज ६,००० तपासतात, म्हणजे सतरा दिवस, तेही सगळे रोज हजर असतील तर. मूल्यांकन आणि स्कॅनिंग बरोबरीने चालवता येते, पण नियमन (तपासलेल्या उत्तरपत्रिकांची फेरतपासणी), राखीव निकाल आणि ताळमेळ यांना वेळ उरायचा असेल तर स्कॅनिंग परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवे. एक लाखाचे हे गणित दहा लाखांना लावून पाहा.

यंत्राच्या काही खुब्या निविदेत लिहाव्या लागतात. स्कॅनरमध्ये 'रिकामे पान वगळा' अशी सोय असते. ती चालू राहिली तर पेन्सिलीने फिकट काढलेला आलेख यंत्राला कोरे पान वाटतो आणि ते पान गळते. केवळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले तर फिकट शाई आणि पेन्सिलीच्या आकृत्या उडतात. करड्या छटांत घ्यावे, फाइल थोडी जड झाली तरी चालेल. पुरवणीवर मुख्य उत्तरपत्रिकेचाच बारकोड छापलेला नसेल तर दोरा सुटताच ती अनाथ होते. म्हणून अनेक पुरवण्या देण्यापेक्षा पुरेशा पानांची एकच उत्तरपत्रिका द्यावी. स्कॅनिंग संपल्यावर प्रत्येक गठ्ठ्याची कागदी पाने आणि पडद्यावरच्या प्रतिमा यांची संख्या जुळल्याशिवाय तो गठ्ठा तपासणीला जाऊ नये. नवी पद्धत एका विद्याशाखेच्या एका सत्रात, दहा हजारांहून कमी उत्तरपत्रिकांवर आधी चालवावी, आणि त्या वेळी कागदावरची जुनी वाटही उघडी ठेवावी.

प्रश्नपत्रिका संगणकावरून पाठवण्याचे तसेच. तीनशे विद्यार्थी आणि चार पानी प्रश्नपत्रिका म्हणजे १,२०० पाने. मिनिटाला ४० पाने काढणारे झेरॉक्स यंत्र न अडकता अर्धा तास घेते. त्यानंतर खोलीवार गठ्ठे, मोजणी, पाकिटे. एकाच वेळी तीन विषय असतील आणि पासवर्ड पाऊण तास आधी आला तर पेपर वेळेवर सुरू होणार नाही हे कागदावरच दिसते. त्यात वीज गेली तर संगणक यूपीएसवर तग धरतो, झेरॉक्स यंत्र नाही, कारण साध्या यूपीएसला तेवढा भार पेलत नाही. जनरेटर नसलेल्या केंद्राला जवळचे जनरेटर असलेले केंद्र जोडून द्यावे, आणि पासवर्ड सोडण्याची वेळ केंद्राच्या विद्यार्थीसंख्येवरून ठरवावी. गोपनीयतेची काळजी रास्त आहे. त्यासाठी छपाईच्या खोलीत कॅमेरा ठेवता येतो आणि प्रत्येक प्रतीवर केंद्राचा क्रमांक पाणचिन्हात उमटवता येतो.

अंतर्गत गुणांच्या तक्त्यात रिकामी चौकट, शून्य आणि गैरहजर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक प्रणाली रिकाम्या चौकटीला शून्य मानतात. प्राध्यापकाने गुण भरायचे राहिले आणि विद्यार्थी नापास झाला, असे मग घडते. रिकामी चौकट असताना तक्ता अंतिम होऊच नये, एवढी एकच अट त्या प्रणालीत घाला. या सगळ्या पत्रात याहून स्वस्त मागणी दुसरी नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या व्यवस्थेवर नवे ओझे घातले आहे. सत्राला साधारण २२, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. पूर्वी एका वर्गाचे विषय ठरलेले असत, प्रणालीही तशीच बांधलेली होती. आता एकाच बाकावरच्या दोन मुलांचे विषय वेगळे असतात. विषयाचा कोड, क्रेडिट, गुणांची विभागणी ही माहिती अभ्यास मंडळाच्या इतिवृत्तासोबत पीडीएफमध्ये येते आणि प्रत्येक महाविद्यालय ती हाताने भरते. एकाने चार क्रेडिटच्या जागी दोन भरले की त्या वर्गाच्या सगळ्या मुलांची बेरीज एबीसीवर चुकते. एबीसीची विनियमावली २०२१ पासून आहे आणि तिच्यात क्रेडिट सात वर्षे जपण्याची तरतूद आहे. चुकीची क्रेडिटही तेवढीच टिकाऊ असतात.

विषयांची यादी विद्यापीठाने प्रवेश सुरू होण्याआधी, समजा ३१ मेपर्यंत, एका मूळ तक्त्यात द्यावी. तो तक्ता सगळ्या महाविद्यालयांच्या प्रणालींनी थेट उचलावा, महाविद्यालयाला त्यात बदल करता येऊ नये, आणि ज्या विषयाला कोड नाही तो प्रवेश अर्जात दिसूच नये. अभ्यासक्रम मंजूर व्हायला उशीर झाला तर तो विषय पुढच्या वर्षी सुरू करावा. हे कठोर वाटेल, पण कोड परीक्षेच्या तोंडावर आला की सत्रभर शिकवलेला विषय परीक्षा अर्जात सापडत नाही, आणि त्याची शिक्षा विद्यार्थी भोगतो.

हे सारे सांभाळायला माणूस कोण? बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत सर्व्हर, नेटवर्क आणि विदा सांभाळण्यासाठी मंजूर पदच नाही. संगणकाच्या प्रयोगशाळेतील सहायक किंवा 'ज्याला कळते' असा एखादा प्राध्यापक ते ओढतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना स्वतःचे लॉगिन मिळत नाही, म्हणून विभागप्रमुखाच्या लॉगिनवरून गुण भरले जातात. चूक कोणाची हे मग कधीच ठरत नाही. अधिकृत मोबाइल क्रमांक निवृत्त प्राचार्यांचा राहून जातो आणि ओटीपी दुसऱ्या गावी वाजतो. लॉगिन पदाच्या नावे असावे, व्यक्ती बदलली की कार्यभार-सुपूर्दीच्या यादीत मोबाइल आणि ईमेल बदलणे सक्तीचे असावे, आणि तासिका प्राध्यापकाला त्याच्या विषयापुरते, त्या सत्रापुरते लॉगिन मिळावे. पदनिर्मिती तुमच्या एकट्याच्या हाती नाही हे आम्ही जाणतो. पण पाच-सहा महाविद्यालयांना मिळून एक तंत्रज्ञ विद्यापीठ निधीतून नेमता येईल. निदान परीक्षेच्या चार महिन्यांत तो हवाच.

विद्यार्थी अर्ज मोबाइलवर भरतो, अर्ज मात्र मोठ्या पडद्यासाठी बांधलेले असतात. छायाचित्र इतक्या केबीचे, उत्पन्नाचा दाखला २५६ केबीच्या आत, अशा अटी पुऱ्या करायला तो सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जाऊन पैसे मोजतो. तिथे घाईत केंद्रचालकाचाच मोबाइल क्रमांक नोंदला जातो आणि पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात. छायाचित्र लहान करणे हे सर्व्हरचे काम आहे, ते त्यालाच करू द्या. एका मोबाइल क्रमांकावर दोनाहून अधिक विद्यार्थी नोंदले गेले तर प्रणालीने आपणहून महाविद्यालयाला कळवावे. परिपत्रके छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करून चित्राच्या रूपात टाकू नयेत. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे व प्राध्यापकांचे वाचक-सॉफ्टवेअर त्यातले अक्षरही वाचू शकत नाही. डिजिटल सहीची पीडीएफ कायद्याने चालते.

डिजिलॉकरमधली गुणपत्रिका मूळ कागदाच्या बरोबरीची आहे. तरी प्रवेशाच्या वेळी साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच मागितले जातात, कारण पात्रता विभाग ते मागतो, कारण लेखापरीक्षणात ते दाखवावे लागतात. ही साखळी खालून तुटणार नाही. विद्यापीठाने उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाशी बोलून एकच लेखी आदेश काढावा की डिजिलॉकरवरून पडताळलेल्या दस्तऐवजाची कागदी प्रत कोणीही मागू नये आणि लेखापरीक्षणात पडताळणीची नोंद पुरेशी मानावी. तोवर आम्ही संगणक आणि कपाट दोन्ही भरत राहणार.

कंत्राटांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. विद्यापीठे पुरवठादार बदलतात, 'समर्थ'सारख्या सार्वजनिक प्रणालीकडे वळतात, आणि जुन्या प्रणालीतली विदा कोणत्या रूपात हाती येईल हे करार संपल्यावर विचारले जाते. तोवर पत्ते पुरवठादाराच्या हातात गेलेले असतात. करारातच लिहिलेले असावे की संपूर्ण विदा खुल्या स्वरूपात, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणाऱ्या कोशासह, दर सहा महिन्यांनी विद्यापीठाकडे जमा होईल. विद्यापीठ ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दहा विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका पुन्हा तयार करून पाहील. आणि ते जमले तरच देयक निघेल. करार संपल्यावर निदान ९० दिवस जुनी प्रणाली वाचण्यापुरती चालू राहील. प्रणाली बदलण्याचा मुहूर्त परीक्षा अर्ज सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या काळात कधीही काढू नये.

जुन्या नोंदींचाही यात विचार व्हावा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पदवीधर आज कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थलांतराच्या किंवा शिक्षणाच्या अर्जासाठी ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या परीक्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) मागतात, आणि मूल्यांकन संस्थांना तो विद्यापीठाकडून थेट हवा असतो. त्यांचे गुण जाड टॅब्युलेशन रजिस्टरांत आहेत. ही रजिस्टरे साध्या स्कॅनरवर उपडी टाकली की शिवण उसवते. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर लागतो. आणि नुसत्या प्रतिमा साठवून काम होत नाही. परीक्षा, महिना, वर्ष आणि बैठक क्रमांकांचा 'पासून-पर्यंत' एवढी सूची प्रत्येक पानाला जोडली तर हवे ते पान मिनिटात सापडते. सूची नसेल तर हजारो प्रतिमांतून पान शोधणे कपाटातून शोधण्यापेक्षाही जिकिरीचे होते. कोणती रजिस्टरे आधी घ्यायची हे ट्रान्स्क्रिप्टच्या अर्जांवरूनच ठरवता येईल. ज्या वर्षांची मागणी जास्त ती आधी.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. दुपारी व्हॉट्सअॅपवर गुगल शीटचा दुवा येतो, "आजच सायंकाळपर्यंत भरा." त्यात नाव, आधार, जात, मोबाइल असे सगळे उघडे रकाने असतात आणि दुवा असलेल्या कोणालाही ते दिसतात. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. आधारचे शेवटचे चार अंकच पुरेसे असताना बाराही मागू नयेत, आणि जी माहिती विद्यापीठाच्या प्रणालीत आधीच आहे ती महाविद्यालयाकडून मागण्यापूर्वी प्रणालीतून काढून पाहावी. मागावीच लागली तर निदान पाच कामाचे दिवस द्यावेत. घाईत भरलेला तक्ता हा आणखी एका चुकीच्या नोंदीचा उगम असतो.

यातल्या तीन गोष्टींना ना निधी लागतो ना शासनाची मंजुरी: टेक्स्ट रकान्यांचा आयता नमुना, रिकामी चौकट असताना गुणांचा तक्ता अंतिम न होणे, आणि नावाचे दोन स्वतंत्र रकाने. येत्या सत्राचे परीक्षा अर्ज सुरू होण्याआधी या तिन्हींवर काय ठरले ते परिपत्रकाने कळवावे, ही विनंती. नावांच्या जुळवणीची कार्यपद्धती आणि स्कॅनिंगच्या निविदेत घालायच्या अटी यांचे मसुदे आमच्याकडे तयार आहेत. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या पुढच्या बैठकीत ते मांडायला आमच्यातील चार जण कधीही येतील.

आपले विश्वासू,

संलग्न महाविद्यालयांतील परीक्षा विभाग, प्रवेश विभाग आणि संगणक कक्ष येथे काम करणारे प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी

सोबत : १. नाव-जुळवणी कार्यपद्धतीचा मसुदा
२. उत्तरपत्रिका स्कॅनिंगच्या निविदेतील अटींचा मसुदा
३. विद्यार्थी नोंदीचा टेक्स्ट रकान्यांचा नमुना